उजेडाच्या ठिपक्याची देखभाल

दसरा उलटला, की सातपूर कॉलनीच्या गल्ल्यांत भंगारवाल्यांच्या हातगाड्या जास्त दिसायला लागतात. घरोघरी आवराआवर निघालेली असते, माळे रिकामे होत असतात. गाडीवर बूड गेलेली पातेली असतात, मिक्सरची जळालेली मोटार, कूलरची जाळी, जुन्या वह्यांचे गठ्ठे. आणि त्यात हमखास एखादा सीडी प्लेअर. काळा किंवा चंदेरी, ट्रे अर्धवट बाहेर आलेला, वायर गुंडाळून पोटाशी बांधलेली. तो वजनावर जातो. पत्रा, थोडं तांबं, बाकी प्लॅस्टिक. पैसे फारसे येत नाहीत, पण टीव्हीखालचा कोपरा मोकळा होतो.

या अंकासाठी संपादकांनी ‘निगा’ हा विषय दिला, तेव्हा मला या हातगाड्या आठवल्या. प्लेअर का काढला, असं देणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘लेन्स गेलीय.’ सातपूरमध्ये हिंडून, दुरुस्ती करणाऱ्यांच्या शेजारी बसून आणि ज्यांच्या घरी हे यंत्र अजून वाजतं त्यांच्याशी बोलून माझी खात्री झाली, की यातल्या बऱ्याच प्लेअरचं काहीच गेलेलं नसतं. लेन्सवर धूळ बसलेली असते, रुळावरचं ग्रीस सुकलेलं असतं, रबराचा बेल्ट सैल पडलेला असतो. मळलेल्या यंत्राला आपण मेलेलं समजतो. ते मळ काढल्यावर पुन्हा कसं चालतं, आणि तो मळ कोणत्या हातांनी, कोणत्या रीतीने काढायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

मायक्रॉन ओळखणारं गाव

सातपूर हे नाशिकचं जुनं औद्योगिक उपनगर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ची. त्यानंतर इथे वसाहत उभी राहिली आणि त्र्यंबक रोडच्या आसपास कारखाने आले. मायको आली, महिंद्रा आली, सिएट आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉप्स आली. कामासाठी खानदेशातून, बागलाणातून, मराठवाड्यातून माणसं आली आणि इथलीच झाली. १९८२ पर्यंत सातपूरला स्वतःची नगरपालिका होती. त्या वर्षी नाशिक महानगरपालिका झाली आणि सातपूर तिच्यात सामील झालं. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, सोनी कंपनीने सीडीपी-१०१ हा घरगुती सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आणला. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या मापांची, १२ सेंटिमीटर व्यासाची ती तबकडी आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात पोचायला मात्र नव्वदचं दशक उजाडलं.

सातपूर निवडण्याचं माझं कारण तारखांपुरतं नाही. मायकोच्या इथल्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनत आले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी शहरातला चौक अजून मायको सर्कलच आहे. नोझलच्या आतली सुई आणि ती ज्यात सरकते ते घर, यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. इथल्या कामगाराने तो डोळ्यांनी पाहिलेला नसतो, पण हातांनी ओळखलेला असतो. मापात एवढासा फरक पडला तर जॉब रिजेक्ट होतो आणि एवढासा कण अडकला तर सुई अडते, हे त्याला शिकवावं लागत नाही.

सीडीवरची माहिती एका सलग वेटोळ्यात कोरलेली असते. या वेटोळ्याच्या एका फेरीपासून शेजारच्या फेरीपर्यंतचं अंतर आहे १.६ मायक्रॉन. म्हणजे सातपूरकरांनी कारखान्यात आयुष्यभर जे माप सांभाळलं, तेच त्यांच्या दिवाणखान्यात गाणं वाजवत होतं.

अशोकनगरमध्ये मला असेच एक काका भेटले. एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून ते निवृत्त झालेत. त्यांच्याकडचा प्लेअर वीस वर्षांहून जुना आहे आणि रोज सकाळी वाजतो. टीव्हीच्या मोठ्या फळीवर त्यांनी त्याला वेगळी जागा दिलीय. देव्हाऱ्यापासून दूर, स्वयंपाकघराच्या दारापासून दूर, खिडकीच्या थेट समोर नाही. वर विणलेलं झाकण आहे, पण प्लेअर सुरू करायच्या आधी ते काढून ठेवायचं हा घराचा नियम आहे, कारण वरच्या पत्र्याला भोकं आहेत ती आतली उष्णता बाहेर जावी म्हणून. एका दोनशे पानी वहीत त्यांनी प्लेअर कधी उघडला, काय पुसलं, कोणता बेल्ट घातला, हे तारखेनिशी लिहिलंय. कारखान्यात प्रत्येक मशिनला हिस्ट्री कार्ड असतं, तर घरातल्या मशिनला का नसावं, असं त्यांचं म्हणणं. बंद पडल्यावर धावपळ करणं त्यांना आवडत नाही. चालू मशिनकडे लक्ष द्यायचं, म्हणजे धावपळीची वेळ येत नाही.

लेन्स काय बघते

निगा राखायची तर यंत्र कसं चालतं हे थोडं कळायला हवं. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, टेपचं हेड फितीला टेकतं. सीडी प्लेअरमध्ये तबकडीला काहीच टेकत नाही. खालून लेसरचा झोत येतो, तबकडीच्या आतल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या थरावरून परततो आणि परतलेला उजेड कमी झाला की जास्त, यावरून खड्डा आणि सपाटी ओळखली जाते. लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. वाचन आतून बाहेर चालतं. आतल्या बाजूला तबकडी मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि बाहेर जाता जाता २०० वर येते, म्हणजे लेन्सखालून वेटोळं सरकण्याचा वेग कायम राहतो. एका सेकंदाच्या संगीतासाठी १४ लाखांहून जास्त बिट लागतात.

तबकडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि माहितीचा थर असतो तिच्या वरच्या अंगाला, छापील लेबलच्या अगदी खाली. लेसरचा झोत खालच्या पृष्ठभागातून आत शिरतो तेव्हा तो जवळपास ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि थरापाशी पोचेपर्यंत एकवटून दीड-पावणेदोन मायक्रॉनचा ठिपका होतो. खिडकीच्या काचेवर धूळ असली, तरी लांबच्या डोंगराकडे बघणाऱ्याला ती जाणवत नाही. तबकडीच्या पृष्ठभागावरच्या बारीक धुळीचंही तसंच होतं. त्यामुळे बोटाचा एखादा ठसा किंवा एखादा ओरखडा असूनही गाणं बिनदिक्कत वाजतं.

शिवाय आत गणिताची राखण आहे. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर सीडीची चूक-दुरुस्ती उभी आहे. माहिती सलग न लिहिता विखरून, जास्तीच्या खुणांसह लिहिलेली असते. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग तुकडा वाचता आला नाही, तरी प्लेअर तो अचूक भरून काढतो. त्याहून थोडं जास्त गेलं तर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाज बांधून जोडून घेतो.

एवढं संरक्षण तबकडीला आहे. लेन्सला नाही. लेन्सवर बसलेला थर जाणारा आणि येणारा, दोन्ही उजेड खातो आणि पसरवतो. तबकडी बदलली तरी तो थर तसाच राहतो. म्हणूनच सीडी नीट दिसत असताना प्लेअर मात्र ‘नो डिस्क’ दाखवत राहतो, आणि घरातले लोक एकेक करून सगळ्या सीडी पुसत बसतात.

यंत्र बोलतं तेव्हा

सातपूरच्या बाजारपेठेत, भाजीच्या गाड्यांच्या मागच्या ओळीत, दुरुस्तीचं एक अरुंद दुकान आहे. पुढे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेत, कारण भाडं त्यावर निघतं. आत बाकावर होम थिएटर, सेट टॉप बॉक्स, मिक्सर आणि कोपऱ्यात दोन सीडी प्लेअर. दुकानदार दादा चाळिशीतले. आयटीआय केलेलं, पण सीडीचं काम एका उस्तादाकडे शिकलेलं. प्लेअर आला की पाना हातात घ्यायची घाई ते करत नाहीत. कारखान्यातून छापून आलेली, स्वच्छ सीडी टाकतात आणि कान देतात.

ट्रे आत गेला, की लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते. ती तबकडी शोधत असते. परत आलेला उजेड पुरेसा असेल तर फोकस पकडला जातो, मोटार फिरते आणि सगळ्यात आतल्या पट्ट्यातली अनुक्रमणिका वाचली जाते. मग पडद्यावर गाण्यांची संख्या आणि एकूण वेळ येते. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. तो कुठल्या पायरीवर अडतो, त्यावरून दादा दुखणं ओळखतात.

लेन्स हलते पण तबकडी फिरतच नाही: उजेड पुरत नाही. लेन्स मळलीय किंवा लेसर थकलाय. तबकडी फिरते, संख्या येते, पहिली गाणी छान वाजतात आणि शेवटची अडखळतात: लेन्स बाहेरच्या टोकाला सरकताना अडतेय, रूळ बघायला हवा. छापील सीडी वाजते पण घरी कॉपी केलेली वाजत नाही: घरी लिहिलेल्या सीडीतून उजेड थोडा कमी परततो, त्यामुळे लेसर कमजोर होऊ लागला की आधी ती नाकारली जाते. पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीतून तर याच्याही कितीतरी कमी उजेड येतो. जुने प्लेअर ती निरोगी असतानाही वाचत नाहीत. थंडीत सकाळी अडतो आणि दुपारी चालतो: घट्ट झालेलं ग्रीस. तासभर चालून, तापल्यावर अडतो: कुठेतरी सोल्डर सुटलंय किंवा एखादा कॅपॅसिटर म्हातारा झालाय. आणि ट्रे बाहेर येतो पण आत जाताना बोटाचा धक्का मागतो: बेल्ट.

डीव्हीडी प्लेअरची गोष्ट थोडी वेगळी. त्यात सहसा दोन लेसर असतात. डीव्हीडीसाठी लाल, ६५० नॅनोमीटरचा, आणि सीडीसाठी जुनाच ७८०चा. त्यामुळे एकच लेसर गेला तर सिनेमा दिसतो पण गाण्यांची सीडी चालत नाही, किंवा उलट. अशा वेळी तबकडीला दोष देऊन उपयोग नसतो.

नाशिकची हवा चांगली अशी ख्याती आहे, पण सातपूरच्या घरातल्या प्लेअरवर काय काय बसतं ते दादांनी मला झाकण उघडून दाखवलं. त्र्यंबक रोडच्या रहदारीची बारीक धूळ. फोडणीच्या तेलाचा चिकट थर. आणि उदबत्ती-धुपाच्या धुराची तपकिरी साय, जी नुसत्या फुंकरीने हलत नाही. पावसाळ्यात दमट हवेने या सगळ्याचा लेप होतो. एका प्लेअरमध्ये झुरळाची अंडी होती. झुरळं उबेला येतात, म्हणून रात्रभर स्टँडबायवर ठेवलेला प्लेअर त्यांना फार आवडतो.

पुसण्याची रीत

दादांनी एक प्लेअर माझ्यासमोर उघडला. वायर आधीच भिंतीतून काढून ठेवलेली होती आणि थोडा वेळ जाऊ दिला होता, कारण पॉवर सप्लायच्या कॅपॅसिटरमध्ये वीज काही काळ टिकते. प्लेअर चालू ठेवून, झाकण काढून लेन्समध्ये वरून डोकावायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. लेसरची ताकद कमी असली तरी तो दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या उजेडापुढे पापणी मिटत नाही.

झाकण निघालं. ट्रेच्या वर एक आडवी पट्टी असते. तिच्यात चुंबक असलेलं चाक असतं, ते तबकडीला वरून दाबून धरतं. पट्टीचे स्क्रू काढल्यावर लेन्स दिसली. शर्टाच्या बटणाएवढीही नाही, निळसर झाक असलेली. ती घट्ट बसवलेली नसते. केसासारख्या बारीक तारांवर ती अधांतरी असते आणि तिच्या बाजूला तांब्याच्या चिमुकल्या कॉइल असतात. तबकडी फिरताना अर्धा मिलिमीटरपर्यंत वर-खाली डुलू शकते आणि ठिपका तर एक-दोन मायक्रॉनच्या आत नेमका हवा. म्हणून ही लेन्स प्रत्येक फेऱ्यात तबकडीबरोबर उठत-बसत राहते. तिच्यावर जोर दिला तर तारा वाकतात आणि मग तिला कोणी वाचवू शकत नाही.

आधी रबरी ब्लोअरने सुटी धूळ उडवली. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे तुषार उडतात. मग कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून कापडावर टिपून घेतली, इतकी की दाबली तरी थेंब येऊ नये. काडीच्या स्वतःच्या वजनाखेरीज काही दाब न देता, मधून बाहेर, हळू गोल. एक काडी एकदाच. नंतर कोरडी काडी तशीच. लेन्स बहुतेक प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर परावर्तन कमी करणारा पातळ लेप असतो. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काहीही लागलं तर ती कायमची धुरकट होते. दवाखान्यातलं किंवा रंगवलेलं स्पिरिटही नको, ते वाळल्यावर डाग ठेवतं. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल मागायचं.

बाजारात ब्रश लावलेल्या लेन्स-क्लीनर सीडी मिळतात. तबकडी फिरते आणि तिचा ब्रश लेन्सवरून जातो. सुटी धूळ तेवढी निघते. तेलाची साय तशीच राहते, आणि ब्रश कडक असेल तर त्या अधांतरी लेन्सला जोरात झटका बसतो. दादा ती वापरत नाहीत.

ज्या चुकीची दादांना सर्वांत जास्त चीड आहे, ती वेगळीच. पिकअपच्या, म्हणजे लेन्स आणि लेसर एकत्र बसवलेल्या भागाच्या, बाजूला एक बारीक फिरता स्क्रू असतो, लेसरचा करंट कमी-जास्त करणारा. काही जण लेन्स पुसायच्या ऐवजी तोच फिरवतात. करंट वाढतो, मळलेल्या लेन्समधूनही उजेड पुरतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. जास्तीच्या करंटने लेसर झपाट्याने झिजतो आणि मग खरोखरच ‘लेन्स जाते’. पुसल्याने बरा झाला असता असा प्लेअर अशा दुरुस्तीने मरतो.

रूळ, बेल्ट, ग्रीस

लेन्स पुसून झाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. पिकअप गुळगुळीत स्टीलच्या दांड्यावर सरकतं. सातपूरच्या भाषेत हा स्लाइड-वे, आणि कुठल्याही लेथवर काम केलेला माणूस इथे आपोआप वाकून बघतो. वर्षानुवर्षांत ग्रीस पिवळं, मेणासारखं होतं आणि धूळ धरून ठेवतं. दात्यांच्या चाकांत तेच. ते अल्कोहोल लावलेल्या कापडाने पूर्ण काढायचं, दात्यांमधलं लाकडी टूथपिकने. मग प्लॅस्टिकला चालणारं पांढरं लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल इतकंच. पिकअप हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, तर कुठेही अडखळता कामा नये.

घरोघरी इथे शिलाई मशिनचं तेल किंवा खोबरेल घातलेलं सापडतं. तेल त्या दिवशी काम करतं, नंतर पसरतं. बेल्टवर गेलं की बेल्ट घसरतो, लेन्सपर्यंत गेलं की पुन्हा ‘नो डिस्क’. खोबरेल तर नाशिकच्या थंडीत थिजतं.

ट्रेचा बेल्ट चौकोनी छेदाच्या रबराचा असतो, आकाराने बांगडीहून लहान. तो सैल पडला की पुली फिरते आणि ट्रे जागेवर राहतो. जुना बेल्ट गरम पाण्यात टाकला तर काही दिवस आवळतो, पण ती तात्पुरती सोय. नवा बेल्ट घालताना पुलीही अल्कोहोलने पुसायची, नाहीतर नवा बेल्टही तिच्यावरून घसरतो. मापाचा बेल्ट नाशिकच्या एम. जी. रोडवर किंवा जुन्या प्लेअरमधून मिळतो. नशीब असेल तर कॅसेट डेकच्या बेल्टच्या पुडक्यातही सापडतो.

उरली रिबन केबल. पिकअपबरोबर ती सतत पुढे-मागे होते, त्यामुळे घडीवर तडकते किंवा टोकाशी काळी पडते. कनेक्टरमधून काढून, टोक पुसून परत बसवली तरी अनेकदा काम होतं. पिकअपला हात लावण्याआधी दादा पाण्याच्या नळाच्या लोखंडी पाइपला हात लावतात. अंगावरची स्थिर वीज लेसरचा डायोड क्षणात मारू शकते, आणि कोरड्या हिवाळ्यात ती जास्त साठते. नवं पिकअप येतं तेव्हा याच कारणासाठी त्यावर सोल्डरचा एक थेंब टाकून सर्किट जोडून ठेवलेलं असतं. केबल लावल्यावर तो थेंब काढायचा असतो. तो तसाच राहिला तर नवं पिकअपही मेलेलं वाटतं आणि दुरुस्ती करणारा ते परत पाठवून देतो.

सगळं परत बसवल्यावर ट्रे आत गेला. लेन्स हलली, मोटार फिरली, पडद्यावर आकडे आले. एवढ्या कामात नवा लागला तो फक्त एक बेल्ट.

तबकडी धरावी कशी

काकांच्या घरी सीडी धरायची पद्धत मुलांना लहानपणीच शिकवली गेली. मधलं भोक आणि कडा, एवढ्यालाच बोटं लागावीत. डबीतून काढताना मधला दाता आधी दाबायचा, मग तबकडी उचलायची. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसताना एखादा खडा कापडात असेल तर ओरखडा वेटोळ्याच्या दिशेने लांबवर जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीचा बारीकसा तुकडाच खातो, तो गणिताने भरून निघतो. हे कळल्यावर पुसण्याची दिशा कुणाला पुन्हा सांगावी लागत नाही.

सगळे जण चमकत्या बाजूला जपतात आणि लेबलची बाजू टेबलावर घासतात. खरी नाजूक बाजू लेबलचीच. खाली १.२ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट आहे, वर मात्र अ‍ॅल्युमिनिअमवर लॅकरचा आणि शाईचा पातळ थर एवढंच. वरून खोल ओरखडा गेला तर थरच जातो आणि तो परत आणता येत नाही. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्यात असते. ऊन आणि उष्णता तिला खाते. तिच्यावर चिकट लेबल लावलं तर तोल जातो, आणि उग्र शाईचा मार्कर हळूहळू लॅकरमध्ये उतरतो. नाव लिहायचंच तर मधल्या पारदर्शक गोलात.

कपाटातली गाणी

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सातपूरमध्येही विचारला जातो. गाणी फोनवर आहेत, फुकट आहेत. पण मी ज्या घरांमध्ये कपाटं उघडून पाहिली, तिथे दिसलेलं सगळं फोनवर नाही.

नाशिकला जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये, सीडी यायच्या सत्तावीस वर्षं आधी, ऐन तारुण्यात गेले. आज त्यांचं गाणं आपण ऐकतो ते कुणीतरी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि आकाशवाणीच्या फिती सांभाळल्या म्हणून. त्यांची सीडी इथल्या बऱ्याच कपाटांमध्ये आहे, आणि ते गाणं शोधलं तर फोनवरही सापडेल. पण त्याच कपाटात शेजारी असतात आंबेडकर जयंतीच्या मंडपात विकत घेतलेल्या भीमगीतांच्या सीडी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी रचलेली गाणी स्थानिक गायकांनी आपल्या आवाजात म्हटलेली. थोड्याच प्रती निघालेल्या, डबीवर फोटोकॉपीचं मुखपृष्ठ. असतात गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तनं, मुलाच्या लग्नाची व्हीसीडी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची सीडी आणि आजोबांनी म्हटलेली ओवी, जी कुणा भाच्याने संगणकावर रेकॉर्ड करून नातेवाइकांना वाटली. हे कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. ते त्या तबकडीवर आहे, आणि ऐकायचं तर तबकडी वाचणारं काहीतरी घरात चालू असायला हवं.

एक काळ तबकड्या स्वस्तात स्वस्त होत्या. दिल्लीजवळच्या मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकल्या. ही कंपनी जगातल्या मोठ्या तबकडी-उत्पादकांपैकी एक होती आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून ती अवसायनात गेली. तबकडी बनवणारे गेले, प्लेअर बनवणारे थोडे उरले. आता जे घरात आहे ते सांभाळणं, हाच एक पुरवठा.

ज्यांच्याकडे अशा खासगी सीडी आहेत त्यांनी त्यांची प्रत संगणकावर काढून ठेवावीच. घरी लिहिलेल्या तबकडीच्या आयुष्याचा भरवसा नसतो. ती प्रत काढण्यासाठीही आधी चालू अवस्थेतला, स्वच्छ लेन्सचा ड्राइव्ह लागतो. संगणकातल्या सीडी ड्राइव्हची लेन्सही याच धुळीने मळते आणि याच रीतीने पुसावी लागते.

दुरुस्तीचा बाजार

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार नाशिककरांना माहीत आहे. २०१७ मध्ये महापालिकेने मोठी मोहीम काढून तो हटवला. वाहतूक, आगी, प्रदूषण, अतिक्रमण अशी कारणं होती आणि ती खरी होती. पण दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भागही अशाच ठिकाणी मिळत आले. एखाद्या मेलेल्या प्लेअरमधलं पिकअप, मोटार, दात्यांचं चाक काढून दुसरा जिवंत करायचा, हा त्यांचा मार्ग. सोनीच्या केएसएस-२१३ सारखी काही पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेअरमध्ये वापरली गेलीत, त्यामुळे अदलाबदल चालते. मात्र ज्या प्लेअरचं पिकअप इतर कुठेच बसत नाही, त्याच्यासाठी त्याच जातीचा दुसरा प्लेअरच शोधावा लागतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं संकेतस्थळ सुरू केलं, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क ग्राहकाला असावा आणि कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावरही असावी, ही दिशा योग्यच आहे. पण वीस वर्षांपूर्वीच्या प्लेअरसाठी कंपनीचे सुटे भाग कधीच संपलेत. त्याच्यासाठी जे उरलंय ते दादांसारख्यांच्या हातात आणि काकांच्या वहीत. ते पुढच्या मुलांना शिकवताही येईल. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकची शाखा आहे, आणि त्या मुलांना प्रकाश, चुंबक, मोटार, गिअर आणि गणित एकाच पेटीत दाखवणारं यंत्र सीडी प्लेअरपेक्षा स्वस्त मिळणार नाही. आजही ते शंभर-दोनशे रुपयांत भंगारात पडलेलं असतं.

काढायच्या आधी

काकांची आणि दादांची एक ठाम समजूत सारखीच आहे: हात लावण्याचा क्रम बाहेरून आत असावा आणि जितकं कमी उघडावं लागेल तितकं बरं. म्हणून या दिवाळीत माळ्यावरून प्लेअर खाली आलाच, तर आधी बाहेरची धूळ कोरड्या कापडाने पुसा. कारखान्यातून छापून आलेली एक स्वच्छ सीडी टाका आणि दोन मिनिटं ऐका: लेन्स हलते का, तबकडी फिरते का, आकडे येतात का, कोणत्या गाण्याला अडतं. मागच्या आरसीए वायरी काढून परत बसवा, कारण आवाज एकाच स्पीकरमधून येत असेल तर बरेचदा दोष तिथेच असतो. ट्रे ओढून-ढकलून बंद करू नका, बटणानेच बंद करा. प्लेअर ओलसर भिंतीला टेकवू नका, आणि पावसाळ्यात आठवड्यातून निदान एकदा अर्धा तास वाजवा. चालणाऱ्या यंत्राच्या उबेने आतला ओलावा निघतो आणि ग्रीसही हलतं राहतं.

एवढ्याने भागलं नाही तर झाकण उघडण्याचा सराव असलेल्याकडे न्या. त्याला ‘लेन्स बदलून द्या’ असं आधीच सांगू नका. काय होतंय तेवढं सांगा आणि आधी पुसून बघायला सांगा. पुसण्याची मजुरी नव्या पिकअपपेक्षा फार कमी असते, म्हणून ती मागायची लाज वाटते तशी द्यायचीही वाटते. दोन्ही लाज सोडायला हवी. या कामात लागणारी नजर वर्षांनी येते, आणि तिला दाम मिळाला तरच सातपूरच्या त्या अरुंद दुकानात मोबाइल कव्हरांच्या मागचा तो बाक टिकेल.

आणि प्लेअर खरंच संपला असेल, लेसर थकला असेल, तर तो वजनावर घालू नका. दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात ठेवून या. त्याची मोटार चांगली असेल, दात्यांची चाकं शाबूत असतील, चुंबकाचं चाक असेल. सातपूरच्या दुसऱ्या कुठल्या घरात एका चाकापायी बंद पडलेला प्लेअर त्यातून सुरू होईल, आणि कुणाच्या लग्नाची, कुणाच्या कीर्तनाची, कुणाच्या आजोबांची तबकडी पुन्हा वाजेल.